पायऱ्या उतरताना

वेरूळची लेणी पाहून झाली की आपण घृष्णेश्वराचं दर्शन घेतो आणि गाडीत बसतो. मीही आजवर तेच केलं. या वेळी मात्र सासूबाईंनी हट्ट धरला, अहिल्याबाईंचं कुंड बघितल्याशिवाय परत फिरायचं नाही. आता सासूबाईंचा हट्ट म्हटल्यावर काय बोलणार!

शिवालय तीर्थ म्हणतात त्याला. चौकोनी कुंड, चारही बाजूंनी आत आत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, मधल्या टप्प्यावर आठ छोटी देवळं आणि तळाशी पाणी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या वरच बसल्या. मी एकटीच उतरले. उतरताना काही वाटलं नाही, पण वर येताना रिकाम्या हातांनीही दम लागला. भरलेली घागर घेऊन बायका कशा चढत असतील? तरी आडापेक्षा बारव बरी, असं सासूबाई म्हणाल्या. आडाला दोर लागतो, पोहरा लागतो. बारवेत पाणी कितीही खाली गेलं तरी पायऱ्या उतरून ओंजळीनं पिता येतं. वाटसरूला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

तिथेच बसून मला अहिल्याबाई आठवत राहिल्या. तसबिरीतल्या, पांढरं लुगडं नेसलेल्या, हातात पिंड घेतलेल्या नव्हेत. घरातल्या.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक. जन्म 31 मे 1725 चा. मल्हारराव होळकरांनी तिला सून करून घेतली, तेव्हा 1733 साल होतं. म्हणजे वय अवघं आठ. सासरी सासू गौतमाबाई होत्या. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार आधी या सासूबाईंनी केला आणि पुढे सुनेनं ते काम हाती घेतलं. सासू-सुनेचं नातं असं दगडात टिकलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुलं झाली. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही नव्हत्या. त्या सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी अडवलं. नुसतं अडवलं नाही, तर कारभार हाती दिला. हिशेब, वसुली, तोफखान्याची व्यवस्था, सगळं. मल्हाररावांनी सुनेला मोहिमेवरून लिहिलेल्या पत्रांत तोफा-दारूगोळ्याच्या सूचना आहेत. त्या काळी किती सासऱ्यांनी सुनेला असं पत्र लिहिलं असेल?

1766 मध्ये मल्हारराव गेले. वर्ष उलटतं न उलटतं तोच, 1767 मध्ये मालेरावही गेला. बाई एकटी पडली म्हटल्यावर दौलतीवर डोळा ठेवणारे पुढे सरसावले. गंगाधर यशवंतांनी दत्तकाचा घाट घातला, राघोबादादा फौज घेऊन आले. अहिल्याबाई लढायच्या तयारीनं उभ्या राहिल्या. माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच हक्क मान्य केला. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून त्यांनी महेश्वरी राहून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. तिथे विणकर आणून वसवले. आपल्या कपाटातल्या माहेश्वरी साडीचं मूळ तिथे आहे. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी 1780 मध्ये पुन्हा उभं केलं. घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा तर देशभर बांधल्या. हा दानधर्माचा खर्च राज्याच्या तिजोरीतून नाही, तर आपल्या खासगीतून केला. देवळाइतकंच लक्ष पाण्याकडे असायचं, ही मला त्यांची खरी ओळख वाटते.

पण एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. त्याआधी नातू नथ्याबा गेलेला. मुक्ताबाई सती जायला निघाली. जिला सासऱ्यानं चितेवरून मागे फिरवलं होतं, त्याच अहिल्याबाईंनी लेकीपुढे पदर पसरला, विनवण्या केल्या. ती ऐकली नाही. नर्मदेकाठी आईच्या डोळ्यांदेखत लेक गेली. एवढ्या मोठ्या राज्याची धनीण, पण आपल्या मुलीला थांबवणं तिच्या हातात नव्हतं. मल्हाररावांनी सुनेपुढे राज्याची जबाबदारी ठेवली होती. मुक्ताबाईपुढे काय उरलं होतं? नवरा नाही, मुलगा नाही, आणि त्या काळच्या रीतीनं त्यांच्याशिवाय बाईला दुसरं जगणं ठेवलेलंच नव्हतं. जगायला नुसती विनवणी पुरत नाही, काहीतरी काम लागतं, कुणीतरी आपल्यावर विसंबलेलं लागतं, हे मला तिथे बसून कळलं.

त्यानंतर चार वर्षांनी, 13 ऑगस्ट 1795 ला अहिल्याबाई गेल्या. सत्तर वर्षांच्या आयुष्यात नवरा, सासरा, मुलगा, नातू, जावई, लेक, सगळ्यांना त्यांनी निरोप दिला. दुःखाला तळ नव्हता. पण त्या तळाशी उतरल्या आणि दर वेळी पुन्हा वर आल्या, येताना दुसऱ्यासाठी काही ना काही घेऊनच.

मी वर आले तेव्हा सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. निघताना त्यांनी कुंडाला नमस्कार केला. मीही केला. खाली देवळं आहेत म्हणून नव्हे, पाणी आहे म्हणून.