दम्याच्या रात्री, जागे आईबाप

टेडी बेअर हे खेळणे ज्यांच्या नावावरून ओळखले जाते, ते अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट घोडेस्वार, शिकारी आणि कणखर गडी म्हणून प्रसिद्ध होते. लहानपणी मात्र दम्यामुळे त्यांना कित्येक रात्री आडवे होणेही कठीण जाई. हा मुलगा पुढे कसा सावरला, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. त्याच्यासोबत जागणाऱ्या आईवडिलांची गोष्ट मागेच राहते.

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील सधन कुटुंबात झाला. साधारण तिसऱ्या वर्षापासून दम्याचे झटके सुरू झाले. रात्री मुलगा धापा टाकू लागला की वडील त्याला उचलून घेत आणि खोलीत येरझाऱ्या घालत. कधी घोडागाडी जोडून त्याला रात्रीच शहरातून फिरवून आणत. तोंडावर येणारा वारा छातीत शिरेल आणि श्वास मोकळा होईल, एवढीच आशा.

आज आपण ज्याला दम्याचे औषध म्हणतो, तसे त्या काळी काहीच नव्हते. मुलाला कडक काळी कॉफी पाजली जाई, ओकारीचे औषध दिले जाई आणि सिगारही ओढायला लावली जाई. कॉफीतील कॅफिनने श्वासनलिका थोड्या सैल होतात. तंबाखूचा धूर मात्र दम्यात घातकच. जिवाच्या आकांताने आपण जे करतो आहोत ते तारक की मारक, हे कळण्याचा मार्ग या आईबापांपुढे नव्हता.

आई मार्था दक्षिणेतील जॉर्जियाच्या, वडील उत्तरेचे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. मार्था यांचे भाऊ दक्षिणेच्या बाजूने उतरले. सैनिकांच्या पगारातील काही भाग त्यांच्या घरी पोहोचावा, या कामासाठी वडील दीर्घकाळ घराबाहेर राहू लागले. घरात चार लहान मुले. थोरल्या मुलीला पाठीच्या कण्याचा आजार, थिओडोरला दमा. पुढच्या काळात मार्था यांचीच तब्येत ढासळत गेली आणि घरचा बराचसा कारभार थोरल्या मुलीने कोवळ्या वयात अंगावर घेतला. याचे सारे खापर दम्यावर फोडता येणार नाही. पण सततच्या धास्तीत जगणाऱ्या आईलाही आधार लागतो, याचा विचार त्या काळच्या वैद्यकात नव्हता.

१८६९ मध्ये हे कुटुंब वर्षभर युरोपात फिरले. तिथेही झटके चुकले नाहीत. परतल्यावर वडिलांनी मुलाला शरीर कमावण्याची गोडी लावली आणि घरीच व्यायामाची सोय केली. वय वाढले तसा दमा उणावला. १८७८ मध्ये वडील अवघ्या ४६व्या वर्षी पोटाच्या विकाराने गेले. १८८४ मध्ये आई विषमज्वराने. १९०१ मध्ये ४२व्या वर्षी अध्यक्ष झालेला मुलगा दोघांनाही पाहता आला नाही. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात रूझवेल्ट यांनी मात्र वडिलांच्या त्या येरझाऱ्यांची आठवण नोंदवली आहे.

आज इनहेलरमुळे बहुतेक मुलांचा दमा आटोक्यात राहू शकतो. तरीही दमा असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये चिंता आणि नैराश्याचे प्रमाण इतर पालकांपेक्षा जास्त आढळते. हे दुष्टचक्र आहे. खचलेल्या पालकाकडून रोजचा इनहेलर चुकतो, झटके वाढतात आणि उरलीसुरली झोपही उडते. म्हणून झटका आल्यावर काय करायचे, कधी रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. काय करायचे हे ठाऊक असले की भीती कमी होते. रात्रीची जागरणे घरातल्यांनी वाटून घ्यावीत. झोप न लागणे, सतत रडू येणे, कशातच मन न रमणे असे दोन आठवडे चालले, तर पालकाने स्वतःसाठीही डॉक्टरांना भेटावे.

रूझवेल्ट कुटुंबाकडे पैसा होता, नोकरचाकर होते, दारात घोडागाडी होती. दोन खोल्यांच्या घरात रात्र जागून सकाळी कामावर जाणाऱ्या आईबापांकडे यातले काहीच नसते. मुलाची छाती तपासून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांनाही विचारावे, रात्री झोप लागते का?