कोरियाचे लढाऊ भिक्खू : हान योंग-उन ऊर्फ मानहे

आपल्या वस्तीत हल्ली कुठल्याही घरी जा, मुली मोबाईलवर कोरियाच्या मालिका बघत बसलेल्या दिसतात. राजवाडे, तलवारी, रेशमी झगे आणि जपान्यांशी लढणारे देखणे तरुण. आमची पुतणीही त्यातलीच. एकदा तिच्या मोबाईलात करड्या चीवरातला एक भिक्खू क्षणभर दिसला आणि गेला. हा कोण म्हणून आम्ही विचारलं, तर तिला काही सांगता आलं नाही. पुढे विहाराच्या कमिटीचा निरोप आला, की वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या. तेव्हा आम्ही ठरवलं, की कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या एका खऱ्या भिक्खूची ओळख आपल्या घराघरांत करून द्यावी. आम्ही गिरणीत काम करून फावल्या वेळात वाचणारी माणसं. विद्वान वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.

बुद्धाचा धम्म इ. स. ३७२ मध्ये चीनमार्गे कोरियात पोहोचला. ३८४ मध्ये मारानंद नावाचे भिक्खू तिथल्या दुसऱ्या एका राज्यात आले. ते मूळचे भारताकडचे असे कोरियाचे लोक मानतात. हजार वर्षं धम्माला राजाश्रय होता. १३९२ मध्ये नवे राजघराणे आले, त्याने कन्फ्यूशियसची शिकवण राजधर्म केली आणि चाके उलटी फिरली. विहार गावांतून उठून डोंगरात गेले. भिक्खूंची गणना हलक्या लोकांत होऊ लागली. किल्ल्याच्या भिंती बांधायला त्यांना वेठीस धरीत. राजधानी सोलच्या वेशीतून आत यायला भिक्खूंना मनाई होती. आपल्याच देशाच्या राजधानीत पाऊल ठेवायचे नाही! ही बंदी उठली १८९५ मध्ये, आणि उठली ती कशी? एका जपानी भिक्खूने कोरियाच्या सरकारकडे अर्ज केला म्हणून.

पुढची गोष्ट समजण्यासाठी ही खूणगाठ बांधून ठेवावी. ज्यांना स्वकीयांनी वेशीबाहेर ठेवले त्यांच्यासाठी दार उघडले परक्याने. मग परका देश गिळायला आला तेव्हा या लोकांनी कुणाच्या बाजूने उभे राहायचे? हा पेच काय असतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. कित्येक भिक्खू जपानच्या बाजूला गेले, आणि त्यांना एकदम नावं ठेवायला आमची जीभ रेटत नाही. पण हान योंग-उन तिकडे गेले नाहीत.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७९ रोजी पश्चिम किनाऱ्याकडच्या होंगसोंग भागात झाला. घर जुन्या मानाचे, पण हलाखीचे. लहानपणी चिनी ग्रंथांचे पाठांतर झाले, लग्नही कोवळ्या वयात लागले. १८९४ च्या शेतकऱ्यांच्या उठावात त्यांच्या भागात रक्ताचे पाट वाहिले ते त्यांनी पोरवयात पाहिले. पुढे घर सुटले ते सुटलेच. सोराक पर्वतातल्या बेकदामसा विहारात १९०५ मध्ये त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. योंग-उन हे दीक्षेचे नाव आणि मानहे हे लेखनाचे. मागे बायको होती आणि नुकताच जन्मलेला मुलगा. हे आम्ही घरात वाचून दाखवले तेव्हा आमच्या मंडळींनी विचारले, की त्या बाईचे पुढे काय झाले. चरित्रकारांनी त्यावर फार शाई खर्च केलेली नाही. ही त्यांच्या आयुष्यातली उणी बाजू आहे, ती झाकायचे आम्हांला कारण नाही.

जग बघायचे म्हणून ते डोंगर उतरून रशियातल्या व्लादिवोस्तोक बंदरावर गेले. तिथे देश सोडून आलेले बरेच कोरियन राहत होते. त्या काळी जपानच्या बाजूच्या एका संघटनेचे लोक शेंडी कापून केस बारीक ठेवीत. तिथल्या तरुणांनी भिक्खूचे मुंडण पाहिले आणि हा जपानचा माणूस म्हणून त्यांना ठार मारायला निघाले. जेमतेम जीव वाचला. १९०८ मध्ये ते जपानला जाऊन काही महिने तिथल्या बौद्ध विद्यालयात शिकले. परतताना जमीन मोजणीचे शास्त्र घेऊन आले आणि सोलमध्ये मोजणीचा वर्ग काढला. कारण उघड होते. परक्या राजवटीत जमिनी कागदावरच गायब होतात, ज्याला साखळी टाकता येते त्याचीच जमीन राहते. आम्हांला त्यांचे हे काम फार आवडते.

त्याच सुमारास कोरियातली वर्तमानपत्रे एक नवा शब्द लोकांच्या तोंडी बसवत होती. तो शब्द मिनजोक, म्हणजे एका वंशाचे राष्ट्र. शिन चे-हो नावाच्या तडफदार पत्रकाराने १९०८ मध्ये देहान मेइल सिन्बो या पत्रात लेखमाला लिहून मांडले, की राजघराण्यांचा इतिहास हा खरा इतिहास नव्हेच. आद्यपुरुष दानगुनपासून चालत आलेल्या लोकांचा इतिहास तोच खरा. राजा गेला तरी लोक उरतात, हे सांगायची त्या वेळी मोठी गरज होती. २९ ऑगस्ट १९१० रोजी जपानने कोरिया खालसा केला. तो मानहेंचा एकतिसावा जन्मदिवस होता. जपान्यांनी तेच वर्तमानपत्र ताब्यात घेतले आणि मथळ्यातून देहान हे देशाचे नाव तेवढे कापून मेइल सिन्बो या नावाने आपले मुखपत्र म्हणून चालू ठेवले. छापखाना तोच, फक्त देश गेला.

याच वर्षी मानहेंनी एक गोष्ट केली ती आम्हांला पटत नाही. भिक्खूंना लग्नाची मुभा मिळावी म्हणून त्यांनी आधी कोरियन दरबारात आणि नंतर थेट जपानी रेसिडेंटकडे अर्ज केला. विहार डोंगरात कुजण्यापेक्षा लोकांत यावेत, ही त्यांची तळमळ खरी होती. पण धम्मातली सुधारणा परक्या साहेबाच्या सहीने कशाला? हीच मुभा पुढे जपान्यांनी दिली आणि ती संघात फूट पाडायला उपयोगी पडली. १९१३ मध्ये छापलेल्या कोरियन बौद्ध धर्माच्या सुधारणेवरच्या ग्रंथातली त्यांची बाकीची मते मात्र आजही वाचण्यासारखी आहेत. अंधश्रद्धेच्या मूर्ती काढा, भिक्खूंना आधुनिक शिक्षण द्या, भिक्षेवर न जगता कष्ट करा, विहार शहरात आणा.

दुसरीकडे, कोरियाचा संघ जपानच्या सोतो पंथात विलीन करण्याचा करार एका बड्या भिक्खूने केला, तेव्हा १९११ मध्ये दक्षिणेतले विहार एकत्र करून मानहेंनी तो हाणून पाडला. वेशीचे दार कुणी उघडले हे त्यांना ठाऊक होते, पण उपकाराची परतफेड संघ विकून करायची नाही, हे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास मंचुरियात परागंदा कोरियन लोकांना भेटायला ते गेले असता स्वकीय तरुणांनीच पुन्हा हेर समजून गोळ्या झाडल्या. गुंगीचे औषध न घेता गोळ्या काढल्या म्हणतात. मान कायमची अधू झाली. विचार करा, दोनदा मरता मरता वाचले आणि दोन्ही वेळा मारणारा जपानी नव्हता. आपले कोण नि परके कोण हे नुसते डोके पाहून ठरवले की काय होते, ते त्यांच्या मानेवरच लिहिलेले होते.

१९१८ मध्ये त्यांनी युसिम नावाचे मासिक काढले. आपल्या रवींद्रनाथांच्या साधना या ग्रंथाचा अनुवाद त्यात येऊ लागला होता. तीन अंक निघून मासिक बंद पडले. पुढच्याच वर्षी १ मार्च १९१९ चा दिवस उजाडला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. १५ चोंदोग्यो या देशी धर्माचे, १६ ख्रिश्चन आणि बौद्ध फक्त दोन : मानहे आणि भिक्खू बेक योंग-सोंग. चोंदोग्योच्या छापखान्यात रात्री गुपचूप सुमारे २१,००० प्रती छापल्या गेल्या. ज्या कामगारांनी खिळे जुळवले त्यांची नावे कुणी घेत नाही, म्हणून निदान त्यांचा उल्लेख इथे करतो. सह्या करणारे पुढारी एका हॉटेलात जमले, मानहेंनी छोटे भाषण केले, जयघोष केला आणि सगळे स्वतःहून अटक झाले.

तुरुंगात त्यांनी तीन नियम पाळले. वकील घ्यायचा नाही, बाहेरचे जेवण घ्यायचे नाही, जामीन मागायचा नाही. फाशी होणार अशी अफवा उठली आणि सोबतचे काही पुढारी रडू लागले, तेव्हा यांनी मैल्याची बादली उचलून त्यांच्या अंगावर रिकामी केली, अशी गोष्ट कोरियात सांगतात. जपानी सरकारी वकिलाला उत्तर म्हणून त्यांनी कोठडीतच स्वातंत्र्याची कारणे लिहून काढली. ते कागद चोरून बाहेर गेले आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये शांघायहून निघणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांच्या वर्तमानपत्रात छापून आले. त्या निबंधात राष्ट्राचा अभिमान आहेच, पण सुरुवात राष्ट्रापासून नाही. सुरुवात आहे स्वातंत्र्यापासून. प्रत्येक जिवाचा जीव म्हणजे स्वातंत्र्य, आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागला की आपल्या स्वातंत्र्याची हद्द संपते, असा त्याचा आशय. शिन चे-हो वंशापासून निघाले, मानहे समतेपासून. दोघांची एकमेकांवर माया होती. १९३६ मध्ये शिन चे-हो जपानी तुरुंगात वारले तेव्हा त्यांच्या कबरीच्या दगडासाठी मानहेंनीच खटपट केली. पण वाटा वेगळ्या होत्या, आणि हा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो. एका रक्ताचे म्हणवणाऱ्या त्या समाजातही पेकजोंग नावाचे, जनावरे कापणारे लोक वेगळ्या वस्तीत राहत होते. त्यांना १९२३ मध्ये आपली वेगळी समतेची संघटना काढावी लागली. रक्त एक असून भागत नाही.

सुटून आल्यावर बेकदामसात बसून त्यांनी ८८ कविता लिहिल्या. १९२६ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचे नाव 'नीमचे मौन'. नीम म्हणजे प्रिय माणूस, आदराने म्हटलेले. हा नीम कोण यावर कोरियात आजवर वाद चालू आहे. प्रियकर, देश की बुद्ध? देश स्वतंत्र झाल्यावर शाळेच्या पुस्तकांनी उत्तर ठरवून टाकले : नीम म्हणजे हरवलेला देश. परीक्षेत तेच लिहायचे. पण पुस्तकाच्या प्रारंभीच मानहेंनी खुलासा केला आहे, की ज्याची ज्याची ओढ लागते तो सगळाच नीम असतो. एवढे रुंद दार पाठ्यपुस्तकवाल्यांनी एका फटीएवढे केले.

पुढची वीस वर्षे वर्तमानपत्रांतच गेली म्हणायला हरकत नाही. १९२० पासून जपान्यांनी कोरियन भाषेतल्या पत्रांना परवानगी दिली होती, सेन्सॉरच्या कात्रीसकट. १९२७ मध्ये डावे आणि राष्ट्रवादी एकत्र आले त्या सिंगान्हो संघटनेच्या सोल शाखेचे ते प्रमुख झाले. १९३१ पासून बुल्ग्यो हे बौद्ध मासिक चालवले. पोटासाठी आणि लोकांसाठी वर्तमानपत्रांत कादंबऱ्याही लिहिल्या. १९३६ मध्ये चोसन जुंगांग इल्बो या पत्रात त्यांची एक कादंबरी रोज येत होती. त्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये सोन की-जोंग हा कोरियन धावपटू मॅरेथॉन जिंकला, पण जपानच्या नावाने. छातीवर जपानचा तांबडा गोळा. या पत्राने आणि दोंगा इल्बोने फोटो छापताना तो गोळाच पुसून टाकला. शाईचा एक फटकारा, बस्स. लोकांना जे समजायचे ते समजले. पोलिसांनी धरपकड केली, दोंगा इल्बोवर कित्येक महिने बंदी आली आणि चोसन जुंगांग इल्बो कायमचे बुडाले. भिक्खूंची कादंबरी अर्ध्यावरच राहिली. आम्हांला वाटते, कादंबरी अर्धी राहण्याचे याहून चांगले कारण नसेल.

१९४० मध्ये उरलेली पत्रेही बंद केली गेली. सरकारी मेइल सिन्बो सांगू लागले, की कोरियन आणि जपानी एकच, वेगळे नाव कशाला हवे? माणसांना जपानी नावे घ्यायला लावली. कालचे मोठमोठे लेखक पोरांना जपानी सैन्यात भरती व्हा म्हणून सांगू लागले. १९१९ चा जाहीरनामा ज्यांनी लिहिला ते चोए नाम-सोनही त्यांत होते. ते रस्त्यात भेटले तेव्हा मानहेंनी ओळख दाखवली नाही. आपल्या ओळखीचा तो माणूस केव्हाच मेला, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याचे म्हणतात. १९३७ मध्ये किम दोंग-साम हे क्रांतिकारक तुरुंगात वारले. पोलिसांच्या धाकाने प्रेत घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा मानहेंनी ते आपल्या घरी आणून अंत्यविधी केला.

ते घर १९३३ मध्ये सोलच्या टेकडीवर, सोंगबुक-दोंग भागात, मित्रांच्या मदतीने बांधलेले होते. नाव सिमुजांग. कोरियात घर दक्षिणेला तोंड करून बांधतात, ऊन मिळावे म्हणून. पण दक्षिणेला जपानी गव्हर्नर जनरलची कचेरी होती, तेव्हा यांनी घराचे तोंड उत्तरेला केले. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला होता, एक मुलगी झाली. जपानी नोंदवहीत तिचे नाव घालायचे नाही म्हणून तिला शाळाही मिळाली नाही. बाप घरीच तिला शिकवीत असे.

२९ जून १९४४ रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे जेमतेम वर्षभराने. १९६२ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने त्यांना मरणोत्तर मोठे राष्ट्रीय पदक दिले. नंतर कितीतरी वर्षे तिथल्या शाळेत एकाच रक्ताचे राष्ट्र असा पाठ पढवला गेला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्यावर बोट ठेवले, कारण तोवर तिथल्या कारखान्यांत परदेशी मजूर राबत होते, परदेशी सुना आल्या होत्या, त्यांची मुले त्याच शाळेत बसत होती. मग पुस्तकांतला मजकूर बदलू लागला.

सिमुजांगला २०१९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. गव्हर्नर जनरलची ती दगडी कचेरी १९९५ मध्ये पाडायला घेतली आणि आता ती जागेवर नाही. घराचे तोंड मात्र अजून उत्तरेलाच आहे.