जगाला अलॉय व्हीलचं वेड लावणाऱ्या एत्तोरे बुगाटीच्या या चाकांची पहिलीच शर्यत पार फसली होती

कंधारच्या बसस्टँडबाहेर लागलेल्या बाइकची रांग बघा. तारांच्या चाकांच्या जोडीला अलॉय व्हीलही तितकीच दिसतील. नवी गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं पोरगं पहिलं विचारतं, अलॉय आहे का? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चाक चमकलं पाहिजे.

पण गंमत अशी, की हे चाक चमकण्यासाठी बनलंच नव्हतं.

ब्रेक तापू नयेत आणि गाडी हलकी व्हावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका छोट्या गावात एका माणसानं ते बनवलं. त्या माणसाचं नाव एत्तोरे बुगाटी. आज ज्या कंपनीच्या गाडीची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात, तीच बुगाटी. आणि ज्या दिवशी त्यानं हे चाक जगासमोर आणलं, त्या दिवशी त्याची चांगलीच फजिती झाली होती.

विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

एत्तोरेचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, इटलीतल्या मिलान शहरातला. घर सगळं कलाकारांचं. वडील कार्लो फर्निचर आणि दागिने घडवायचे. धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करण्यात पटाईत. एत्तोरेनं मात्र इंजिनाचा नाद धरला. सायकली आणि तीनचाकी मोटारी बनवणाऱ्या प्रिनेत्ती आणि स्तुक्की या कंपनीत तो उमेदवारीला लागला. कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजची डिग्री नाही, जे काही शिकला ते कारखान्यातच.

१९०१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्यानं स्वतः बनवलेली गाडी मांडली आणि बक्षीस मिळवलं. ती गाडी बघून द दित्रिश या मोठ्या कंपनीनं त्याला करारावर घेतलं. पण गडी अजून २१ वर्षांचा झाला नव्हता, म्हणजे कायद्यानं अज्ञान. त्यामुळं करारावर सही वडिलांना करावी लागली.

पुढं तीन-चार कंपन्यांत त्यानं काम केलं, पण दुसऱ्याच्या हाताखाली मन रमेना. १९०९ मध्ये त्यानं आल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावात बंद पडलेला एक रंगाचा कारखाना घेतला आणि स्वतःची कंपनी काढली. हा भाग तेव्हा जर्मनीत होता. पहिलं महायुद्ध झालं आणि तो फ्रान्समध्ये गेला. त्याच युद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, भाऊ रेम्ब्रांटनं पॅरिसमध्ये आत्महत्या केली.

युद्ध संपल्यावर एत्तोरे पुन्हा उभा राहिला. १९२१ मध्ये इटलीतल्या ब्रेशियाच्या शर्यतीत पहिले चारही नंबर बुगाटीनं मारले. आता त्याला थेट ग्रां प्री जिंकायची होती. त्यासाठी त्यानं गाडी बनवली, टाइप ३५. आठ सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन, घोड्याच्या नालेच्या आकाराचं रेडिएटर आणि अ‍ॅल्युमिनियमची चाकं.

त्या काळी शर्यतीच्या गाड्यांना सायकलसारखी तारांची चाकं असायची. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाची कल्पना इतरांनाही सुचली होती, पण शर्यतीच्या मैदानात तिला नाव मिळवून दिलं ते बुगाटीनं.

अलॉय म्हणजे मिश्रधातू. उदगीरच्या पलीकडं बिदर आहे, तिथली काळीभोर बिदरीची भांडी जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूची असतात. तसंच हे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. त्यात सिलिकॉन, मॅग्नेशियम असे पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळले की ते कणखर होतं, पण लोखंडापेक्षा हलकंच राहतं.

बुगाटीनं चाक ओतून घेतलं. बैलगाडीच्या चाकाला जसे आरे असतात, तसे आठ रुंद, चपटे आरे. आणि खरी करामत म्हणजे ब्रेकचा ड्रम चाकाच्याच अंगात ओतलेला.

याचे फायदे तीन. चाक हलकं, त्यामुळं खडबडीत रस्त्यावर ते चटकन वर-खाली होतं आणि जमीन सोडत नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, त्यामुळं ब्रेक कमी तापतात. आणि टायर बदलायला चाक काढलं की ड्रमही सोबत निघून येतो, त्यामुळं आतले ब्रेक-शू किती झिजले ते त्याच वेळी दिसतं.

३ ऑगस्ट १९२४. फ्रान्समधल्या लिऑन शहरात ग्रां प्री. बुगाटीच्या पाच नव्याकोऱ्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. बघणारे बघतच राहिले. शर्यत सुरू झाली आणि खेळ खल्लास. खास बनवून घेतलेल्या टायरांचा रबर नीट पक्का झालेला नव्हता, त्याचे पापुद्रे सुटायला लागले. जिंकली अल्फा रोमिओ. बुगाटीचे सगळ्यात चांगले नंबर आले सातवा आणि आठवा.

दुसरा कुणी असता तर गुपचूप तारांच्या चाकांवर परत गेला असता. हरलेल्या गाडीत जे नवीन असतं, त्याच्यावरच आधी संशय जातो. पण एत्तोरेला नेमकं काय बिघडलं ते कळलं होतं. बिघडले होते टायर, चाक नव्हे. त्यानं चाक सोडलं नाही.

पुढच्याच वर्षीपासून निकाल बदलले. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी रस्त्यांची शर्यत बुगाटीनं १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं जिंकली. १९२९ ला मोनॅकोची पहिली ग्रां प्री झाली, तीही टाइप ३५ च्याच घराण्यातल्या गाडीनं मारली.

बुगाटीचं हे वारं मुंबईपर्यंत आलं. तरुणपणी जे. आर. डी. टाटा मुंबईत बुगाटी पळवायचे. गाडी भरधाव चालवल्याच्या एका प्रकरणात त्यांनी जॅक विकाजी या वकिलांना गाठलं. त्यांची पुतणी थेल्मा. १९३० मध्ये जेआरडी आणि थेल्माचं लग्न झालं. कोर्टाच्या भानगडीतून संसार उभा राहिला तो असा.

इकडं एत्तोरेचं स्वप्न मात्र वाढतच चाललं होतं. त्यानं राजेरजवाड्यांसाठी रॉयाल नावाची गाडी काढली. १२ लिटरपेक्षा मोठं इंजिन, सहा मीटरच्या वर लांबी. रेडिएटरवर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती, गेलेल्या भावाच्या शिल्पावरून घेतलेला. २५ गाड्या बनवायचा बेत होता. तेवढ्यात जगात मंदी आली. बनल्या मोजक्याच आणि त्या काळात गिऱ्हाइकं मिळाली फक्त तीन गाड्यांना. उरलेली इंजिनं वाया जाऊ नयेत म्हणून त्यानं ती रेल्वेच्या डब्यांना बसवली आणि त्या रेल्वेगाड्यांनी कारखाना तारला.

१९३६ मध्ये कामगारांचा संप झाला. आपलं कुटुंब समजत होतो तीच माणसं उलटली, हे एत्तोरेच्या मनाला लागलं. तो पॅरिसला निघून गेला आणि कारखाना थोरला मुलगा जाँ सांभाळू लागला. जाँ बापापेक्षा कांकणभर सरस निघाला होता. १९३९ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत बुगाटीनं जिंकली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ ऑगस्टला, जाँ तीच गाडी रस्त्यावर तपासत होता. समोर सायकलवाला आला. त्याला वाचवायला गाडी वळवली आणि ती झाडावर आदळली. जाँ तीस वर्षांचा होता.

तीन आठवड्यांत दुसरं महायुद्ध पेटलं. जर्मनांनी कारखाना घेतला. युद्ध संपल्यावर तो फ्रेंच सरकारच्या ताब्यात गेला आणि स्वतःचाच कारखाना परत मिळवण्यासाठी एत्तोरेला कोर्टात भांडावं लागलं. २१ ऑगस्ट १९४७ ला पॅरिसमध्ये त्यानं प्राण सोडला. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा सहा दिवस झाले होते, आणि कंधार अजून निजामाच्या राज्यातच होतं. एत्तोरेच्या माघारी कंपनी फार टिकली नाही. आजची बुगाटी नंतर दुसऱ्यांनी त्याच नावानं उभी केलेली आहे.

पण चाक मात्र टिकलं. जुन्या बुगाटी आज जगभरात जिवापाड जपल्या जातात. म्युलूझ शहरातल्या संग्रहालयात तर दोन अस्सल रॉयाल उभ्या आहेत.

आता अशा जुन्या गाडीचं चाक दुरुस्तीला आलं, तर कारागीर आधी काय करतो? पॉलिश? अजिबात नाही. आधी तो तडा शोधतो.

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षं हादरे खाऊन थकतं. तडा केसाएवढा असतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून चाकाचा जुना रंग काढून त्यावर लाल द्रव लावतात. तो पुसून वर पांढरी भुकटी मारली की तड्यात मुरलेला लाल रंग रेघेसारखा वर येतो. आतली पोकळी शोधायला एक्स-रे काढतात. चाक यात नापास झालं तर ते शोभेला ठेवतात आणि पळवायला त्याच मापाचं नवं ओतून घेतात.

पास झालं तरच पुढचं काम. आधी जाड, मग बारीक वॉटर पेपर, पाणी लावून. मग बफिंगचं मशीन, शेवटी मऊ कापड. यातली एक पायरी जरी गाळली, तरी आधीच्या पेपरचे ओरखडे चकाकीतून डोकावतात. उघडं अ‍ॅल्युमिनियम हवेनं पुन्हा मळकट होतं, म्हणून मेण नाहीतर लॅकर. आणि मूळ चाकावर ओतकामाचा खरखरीतपणा असेल, तर जाणकार माणूस तो तसाच ठेवतो. त्याचा आरसा केला तर गाडीची ओळखच पुसली जाते.

हीच गोष्ट आपल्या बाइकलाही लागू आहे. तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख होतो, म्हणून अलॉयवर चिंच, लिंबू किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड टाकू नका. आंबट आणि अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमला खातं, चाक पांढरट आणि खडबडीत होतं. साधा शाम्पू, पाणी आणि मऊ फडकं पुरतं. तेही चाक थंड झाल्यावर.

आणि खड्ड्यात आदळून रिम वाकली, तर गॅसनं तापवून ठोकून घेऊ नका. अलॉयची ताकद कारखान्यात ठरावीक तापमान देऊन आणलेली असते, अंदाजपंचे तापवलं की ती जाते. वर पॉलिश मारून चाक नव्यासारखं दिसेल, पण ऐंशीच्या स्पीडला ते काय करेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. तडा गेलेलं चाक बदलायचंच असतं.

लिऑनमध्ये हरल्यावर एत्तोरेनं आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधलं होतं. चाक घासायला बसण्याआधी आपणही तेवढंच करायचं. आधी तडा बघायचा, चकाकी मागून येते.