राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि विदर्भातील कर्करोग उपचार

वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याहून रेडिएशनसाठी नागपूरला जाणारे अनेक रुग्ण अमरावतीमार्गे जातात. अमरावती सोडल्यावर महामार्गावर मोझरी लागते. तिथे गुरुकुंज आश्रम आहे. बसमधले कोणीतरी हात जोडते. पुढे नागपुरात ज्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात बरेच जण पोहोचतात, त्याच्या दारावर याच आश्रमातल्या संतांचे नाव असते : राष्ट्रसंत तुकडोजी. हे नाव तिथे का शोभते, हे फार थोड्यांना माहीत असते. तुकडोजी महाराज स्वतः कर्करोगाचे रुग्ण होते.

त्यांचे आयुष्य इथे थोडक्यात सांगत आहोत. रेडिएशन सुरू होण्याआधी रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात जे प्रश्न असतात, त्यातल्या काहींची उत्तरे या आयुष्यात सापडतात.

यावलीचा माणिक

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळा. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत त्यांचे मन रमले नाही आणि शिक्षण फार झाले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांच्या सहवासात माणिकचा तुकड्या झाला आणि पुढे लोकांनी आदराने तुकडोजी महाराज म्हणायला सुरुवात केली.

तरुणपणी ते रानावनात हिंडले, ध्यान केले आणि मग लोकांत परतले. हातात खंजिरी असायची. मराठी आणि हिंदी भजने ते स्वतः रचत आणि गात. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत त्यांचे भजन म्हणजे गावसभाच असे. देवाचे नाव घेता घेता ते गावाच्या स्वच्छतेवर, भांडणतंट्यांवर, अंधश्रद्धेवर, दारूवर आणि इतर व्यसनांवर बोलत.

१९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम आश्रमात राहिले. १९४२ च्या चले जाव आंदोलनात चिमूर आणि आष्टीला उठाव झाला. त्या भागात महाराजांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता. इंग्रज सरकारने त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. सुटल्यावर त्यांनी गुरुदेव सेवा मंडळाचे काम गावोगाव नेले. १९५५ मध्ये ते जपानमधील जागतिक धर्म परिषदेला गेले आणि तिथेही त्यांनी खंजिरी वाजवली. राष्ट्रसंत ही ओळख त्यांना राजेंद्रप्रसादांमुळे मिळाली.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ग्रामगीता. तिचे ४१ अध्याय आहेत. त्यात गावाच्या आरोग्याचाही विचार आहे. आजार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून गावाने काय करावे, हे त्यांनी साध्या ओव्यांमध्ये मांडले.

आजारपण

पन्नाशी ओलांडल्यावरही महाराजांचे हिंडणे थांबले नाही. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांना भेटले. मात्र आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांना कर्करोगाने गाठले. त्या काळात शक्य होते ते उपचार झाले, पण आजार आटोक्यात आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय होते ५९ वर्षे. आजही पुण्यतिथीला मोझरीत हजारो लोक नेमक्या त्या मिनिटाला उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात.

डॉक्टर म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे येणारे कितीतरी रुग्ण खाली मान घालून विचारतात की असे कोणते पाप केले म्हणून हा आजार झाला. काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवतात. काही जण सुनेच्या माहेरी कळू नये म्हणून आजार लपवतात. ज्या माणसाने आयुष्यभर प्रार्थना शिकवली आणि व्यसनांविरुद्ध गावे जागवली, त्यालाही कर्करोग झाला. कर्करोग ही पापाची शिक्षा नाही. शरीरातल्या पेशींची वाढ नियंत्रणाबाहेर जाते, तेव्हा हा आजार होतो. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा सोबत झोपल्याने पसरत नाही.

१९६८ मधले रेडिएशन आणि आजचे रेडिएशन

महाराज आजारी होते तेव्हा भारतात रेडिएशनची केंद्रे मोजकीच होती. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या यंत्राने उपचार दिले जात. किरण गाठीपर्यंत पोहोचत, पण आजूबाजूच्या निरोगी भागालाही बराच मारा बसत असे. गाठ नेमकी कुठवर पसरली आहे हे दाखवणारे सीटी स्कॅन तेव्हा नव्हते. डॉक्टर साधे एक्स-रे आणि हाताच्या तपासणीवर अवलंबून असत.

आज बहुतेक केंद्रांत लिनियर ॲक्सिलरेटर हे यंत्र असते. ते विजेवर चालते आणि बंद केल्यावर त्यातून किरण येत नाहीत. उपचारांचे टप्पे साधारण असे असतात :

- आधी सीटी स्कॅन करून गाठीचा आणि जवळच्या नाजूक अवयवांचा नकाशा तयार होतो.
- तोंड, घसा किंवा मेंदूचा आजार असेल तर चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा मास्क बनवतात, म्हणजे रोज डोके त्याच जागी राहते.
- आयएमआरटी पद्धतीत किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करता येते. गाठीला पूर्ण मात्रा मिळते आणि लाळग्रंथी, मज्जारज्जू, मूत्राशय यांना शक्य तितके वाचवता येते.
- आयजीआरटी पद्धतीत उपचाराआधी यंत्रावरच चित्र काढून रुग्णाची जागा तपासली जाते.

प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असतो. दुखत नाही, चटका बसत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनमुळे रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. घरी आल्यावर नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

दिवस चुकवू नका

तोंड आणि घशाच्या कर्करोगात रेडिएशन बहुधा आठवड्यातून ५ दिवस, सहा ते सात आठवडे चालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे रेडिएशन आणि आतून दिले जाणारे ब्रेकीथेरपी हे दोन्ही मिळून साधारण आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे लागते. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि उपचाराचा फायदा कमी होतो.

वाशिम जिल्ह्यातल्या रुग्णांचा खरा अडथळा बहुतेक वेळा इथेच असतो. सोयाबीनची काढणी येते, घरात लग्न निघते, पैसे संपतात आणि रुग्ण वीस दिवसांनंतर गावी परततो. तोंड सोलले, गिळवत नाही म्हणूनही लोक थांबतात. हे त्रास अपेक्षित असतात आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बरेचसे कमी होतात. त्यावर औषधे आहेत, नळीने अन्न देता येते. थांबण्याआधी डॉक्टरांशी बोला.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार कार्ड दाखवून पहिल्याच दिवशी चौकशी करा. रेल्वे आणि एसटीत कर्करुग्णांना प्रवास सवलत मिळते. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आहे. ज्या गाडगेबाबांच्या नावाने ती चालते, तेही वऱ्हाडचेच.

झाडपाला आणि प्रार्थना

गुरुकुंजाच्या परिसरात आज आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्यामुळे काही रुग्ण विचारतात की रेडिएशनऐवजी झाडपाल्याचे औषध घेतले तर चालेल का. रेडिएशनच्या जागी घेऊ नये. सोबत काही घेत असाल तर ते लपवू नका, पुडी किंवा बाटली घेऊन दाखवा. काही औषधे केमोथेरपीच्या काळात यकृताला त्रास देतात.

प्रार्थना मात्र जरूर करा. सामुदायिक प्रार्थना हा महाराजांच्या कामाचा पाया होता. रोज संध्याकाळी चार माणसे रुग्णाजवळ बसली तर त्याचा एकटेपणा कमी होतो, आणि उपचार पूर्ण करायला बळ मिळते.

खर्रा आणि तोंडातली जखम

महाराजांनी व्यसनमुक्तीसाठी ज्या गावांत भजने केली, त्याच विदर्भात आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खिशात खर्रा सापडतो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण गालाच्या आतल्या त्वचेला सतत इजा करते. खालीलपैकी काही दिसले तर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त वाट पाहू नका :

- तोंडातली बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंड पूर्वीसारखे न उघडणे, तिखट सहन न होणे
- मानेत किंवा स्तनात गाठ
- पाळी बंद झाल्यावर किंवा संबंधानंतर रक्तस्राव
- आवाज बसणे, गिळायला त्रास

आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. गरज वाटल्यास तिथून पुढे पाठवतील. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल आणि रेडिएशन सांगितले असेल, तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. टाके सुकल्यावर बरे वाटते म्हणून घरी बसू नका.

१९६८ साली तुकडोजी महाराजांसाठी जे उपचार नव्हते, ते आज त्यांच्याच नावाच्या रुग्णालयात वाशिमच्या शेतकऱ्याला आणि शेतमजुराला मिळू शकतात. लवकर निदान झालेले तोंडाचे, स्तनाचे आणि गर्भाशयमुखाचे अनेक कर्करोग पूर्ण बरे होतात. पुढच्या वेळी बस मोझरीवरून जाईल तेव्हा हात जोडा, आणि आपली फाईल, जुने रिपोर्ट व रेशनकार्ड पिशवीत आहे ना, तेही एकदा पाहून घ्या.