रोमच्या पैशासाठी पेटलेलं युद्ध गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकलं आणि शत्रूच्या नाण्यांवर आपला ठसा मारला

गुढीपाडवा जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. गौतमीपुत्र सातकर्णीने शकांचा पराभव केला आणि त्या विजयाची आठवण म्हणून शालिवाहन शक सुरू केला, असं त्यात असतं. खाली दक्षिणेतल्या सिनेमातला घोड्यावरचा हिरो.

यातलं अर्धं बरोबर आहे. शकांना त्याने हरवलं, अगदी मुळापासून हरवलं. पण इसवी सन ७८ मध्ये सुरू झालेली कालगणना त्याची नाही. ती वापरली शकांनीच, म्हणजे हरलेल्यांच्या बाजूने. गौतमीपुत्राच्या लेखांवर त्याच्या स्वतःच्या राज्याची वर्षं आहेत, अठरावं आणि चोविसावं. शकाला शालिवाहनाचं नाव चिकटलं ते जवळपास हजार वर्षांनी.

पण फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट त्याहून भारी आहे. कारण हे भांडण नुसतं मानापमानाचं नव्हतं, त्यामागे रोमचा पैसा होता.

तर झालं असं की, इसवी सनपूर्व ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त घेतलं आणि तांबड्या समुद्रातली बंदरं रोमच्या ताब्यात आली. मोसमी वाऱ्यांचं गणित तिथल्या खलाशांना कळलं होतं. पावसाळ्याच्या वाऱ्यावर भारतात यायचं आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतायचं. स्ट्रॅबो नावाचा भूगोलकार सांगतो की त्याच्या काळात एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत.

याच काळात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने धंद्याचं गाइड लिहिलं. त्याला आपण पेरिप्लस म्हणतो. कुठल्या बंदरात काय विकायचं, काय घ्यायचं, कुठे जपून राहायचं, सगळं त्यात आहे. भडोचला इटलीची दारू चालते. तांबं, कथिल, शिसं, पोवळं, कच्ची काच खपते. सोन्या-चांदीची रोमन नाणी बदलून घेतली तर वर नफा सुटतो. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं, दासी आणि उंची कपडे न्यायचे. बदल्यात हस्तिदंत, सुती कापड, लांब मिरी. पैठणहून अकीक आणि तेरहून तलम कापड गाड्यांमध्ये भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. पैठण तिथून २० दिवसांवर, तेर त्यापुढे आणखी १० दिवसांवर. (सांगलीच्या हळदीचं नाव यादीत नाही, सांगलीकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

प्लिनी हा रोमन लेखक तर वैतागूनच लिहितो की भारत दरवर्षी साम्राज्याचे निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स म्हणजे रोमचं पितळी नाणं, पण भारतात पैसा यायचा तो सोन्या-चांदीच्या नाण्यांत.

आता हा पैसा आत येणार कुठून? समुद्र आणि दख्खन यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. ज्याच्या हातात घाट आणि बंदरं, त्याच्या हातात जकात. नाणेघाट सगळ्यांना माहीत आहे. पण खाली आपल्या पट्ट्यातही हेच चालू होतं. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कऱ्हाड तेव्हा करहाटक, करहाकड अशा नावांनी ओळखलं जायचं. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाला या नगराने दान दिल्याचा लेख आहे. कोकणातल्या कुडा लेण्यांमध्ये कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणं दिल्याचं कोरलंय. म्हणजे माणूस धंदा करायचा कृष्णाकाठी आणि दानधर्म खाडीजवळच्या लेण्यात. हा व्यापारी घाट उतरून खाली जात असणार, हे सांगायला वेगळा पुरावा कशाला हवा! कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी याच व्यापारी जगातली.

हे जग सातवाहनांचं होतं. मग वरून क्षहरात शक आले. त्यांचा राजा नहपान. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिक आणि कार्ल्याला आहेत, त्याच्या अमात्याचा लेख जुन्नरला आहे. म्हणजे घाटमाथा गेला. बंदरांचं काय झालं ते पेरिप्लस सांगतो. कल्याण हे आधी नियमाने चालणारं बंदर होतं, पुढे तिथे व्यापाराची कोंडी झाली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेली जाऊ लागली. भडोच नहपानाचं. व्यापाऱ्याने तिथल्या राजाचं नाव थोडं वेडंवाकडं लिहिलंय, पण तो नहपानच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

गौतमीपुत्र गादीवर आला तो या पडत्या काळात. त्याचं नाव गौतमी बलश्री या आईवरून. आईचं नाव लावलं म्हणून सत्ता बायकांच्या हातात होती असं नाही, गादी बापाकडून मुलाकडेच जायची. पण या घरात आईचा शब्द चालायचा, ते पुढे दिसेलच.

राज्याच्या अठराव्या वर्षी तो नाशिक परत मिळवून बसलेला दिसतो. त्या वर्षीचा त्याचा हुकूम नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्या, असं तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो. शत्रूच्या जावयाची जमीन दान करून टाकली! कार्ल्याच्या भिक्षूंनाही असंच एक गाव त्याने दिलं, तेही आधी उषवदाताने दिलेलंच. दान तेच, फक्त देणारा बदलला. लेण्यातल्या भिक्षूंना बहुधा फारसा फरक पडला नसेल.

नाशिकचा हुकूम निघाला तेव्हा सैन्याची छावणी वैजयंतीला होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. नकाशावर नाशिक ते बनवासी सरळ रेघ ओढून बघा. ती सातारा आणि सांगली जिल्ह्यांतूनच खाली उतरते. सैन्य रेघेवरून चालत नाही हे मान्य, पण दोन्ही टोकं ज्याची, त्याला मधला कृष्णाकाठ सोडून चालणार नव्हतं.

विजयाचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मात्र जमिनीतून निघाला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला एक साठा सापडला. त्यात नहपानाची चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी होती. नाण्याच्या एका बाजूला राजाचा बाजूने दिसणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. ही घडण ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या वळणाची. आपल्या बाजारात रोमन नाणं ओळखीचं झालं होतं, त्याचाही हा परिणाम असावा.

या साठ्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. नहपानाच्या गालावर, नाकावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत. यात वेळ वाचला हे खरं, पण मला वाटतं हिशेब वेगळाही असावा. बाजारात त्या चांदीवर विश्वास होता, तो मोडायचा नव्हता. मालक बदललाय एवढंच प्रत्येक व्यापाऱ्याच्या तळहातावर दिसायला हवं होतं.

युद्धाची दुसरी बाजूही लेण्यातच आहे. चोविसाव्या वर्षीच्या लेखात तेच आधीचं शेत पुन्हा येतं. भिक्षूंना दिलेली जमीन कोणी कसत नाही, गावात माणूस राहिलेलं नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं राजाच्या जमिनीतून दिली जातात. गाव का ओस पडलं ते लेख सांगत नाही. पण सहा वर्षांपूर्वीच तो मुलूख एका राजाकडून दुसऱ्याकडे गेला होता. आणि हा हुकूम एकट्या राजाचा नाही, त्यात आईचंही नाव आहे.

आपण ज्या गौतमीपुत्राला ओळखतो तो बराचसा या आईनेच उभा केलाय. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हाताऱ्या बलश्रीने नाशिकला एक देखणं लेणं दान दिलं आणि त्यात मुलाचं वर्णन कोरून घेतलं. त्याने क्षहरातांचा वंश संपवला. शक, यवन, पहलव मोडले. घराण्याची गेलेली कीर्ती परत आणली. तीन समुद्रांचं पाणी त्याच्या घोड्यांनी प्यायलं. कर घेताना धर्म सोडला नाही आणि आईचं ऐकलं. आईनेच सांगितलेलं, त्यामुळे थोडं तिखटमीठ धरूनच चालायचं.

यातल्या यवन या शब्दाची गंमत बघा. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत. म्हणजे राजाच्या प्रशस्तीत यवन मोडलेले आणि त्याच्याच राज्यात यवन लेण्यांचे खांब देतायत. लढाई सत्तेशी होती, गिऱ्हाइकाशी नव्हती.

तो नेमका कधी झाला, यावर अजून वाद आहे आणि त्याची किल्लीही पेरिप्लसकडेच आहे. नहपानाच्या काळातले लेख ४१ ते ४६ या वर्षांचे आहेत. ही वर्षं शक कालगणनेची धरली तर नहपान इसवी सन १२४ पर्यंत येतो आणि गौतमीपुत्रही दुसऱ्या शतकात. पण पेरिप्लस पहिल्या शतकाच्या मध्यावरचा, आणि त्यात नहपान राज्य करतोय. म्हणून आता बरेच अभ्यासक दोघांनाही पहिल्या शतकात मागे नेतात.

मुलगा पुळुमावी रोमन जगाच्या नोंदीत थेट पोचला. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने पैठण ही त्याची राजधानी म्हणून लिहिली. पुढे पुळुमावीने आणि यज्ञश्री सातकर्णीने स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली, म्हणजे बापाने ज्याच्यावर ठसा मारला तीच पद्धत. टॉलेमीच्याच यादीत बालेओकुरोस नावाचा आणखी एक राजा आहे. कोल्हापूरला विळिवायकुर नावाच्या राजांची नाणी सापडली आहेत, आणि हा तोच असावा असं अनेकांना वाटतं.

त्याच कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास खोदकामात रोमन बनावटीची काशाची भांडी आणि पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती निघाली. ती आज टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. सांगलीहून कोल्हापूर तासा-दीड तासावर, साताऱ्याहून हायवेने जाता येतं. मूर्ती वीतभरसुद्धा नाही, त्यामुळे शोधावी लागते.