आपलीच अक्कलदाढ पुढें करणारा दंतवैद्य

दाढदुखीनें रात्रभर तळमळावें, सकाळीं दवाखान्याची वाट धरावी आणि दाढ काढण्याच्या भयानें अर्ध्या वाटेवरून परत फिरावें, असें पुष्कळांचें होतें. हें भय ज्या मनुष्याच्या खटपटीनें पुष्कळ अंशीं नाहींसें झालें, त्याचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

होरेस वेल्स ह्यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजीं अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांत हार्टफर्ड ह्या गांवीं झाला. बॉस्टन येथें दंतवैद्यकाचें शिक्षण घेऊन त्यांनीं कनेक्टिकट प्रांतांतील हार्टफर्ड शहरीं आपला दवाखाना घातला. नांव एकच असलें तरी हीं गांवें दोन. वेल्स हातानें कुशल व मनानें कोमल होते. त्या काळीं दांत काढावयाचा म्हणजे रोग्यास घट्ट धरून ठेवीत. त्याच्या किंकाळ्या ऐकून वैद्याचेंच काळीज कांपे.

१० डिसेंबर १८४४ च्या रात्रीं कोल्टन नांवाच्या गृहस्थांनीं त्या शहरांत नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्यास हास्यवायु म्हणतात, त्याचे खेळ लोकांस दाखविले. वायु हुंगलेला कूली नांवाचा तरुण भान विसरून नाचूं लागला व बांकांवर आदळून त्याच्या पायास जखम झाली. रक्त वाहत असतांहि त्यास वेदना कळेना. इतर प्रेक्षक हंसत होते. पण वेल्स विचारांत पडले. ह्या वायूनें जखम कळत नाहीं, तर दांत काढलेला तरी कां कळावा?

पण हा प्रयोग कोणावर करावा? वायु अधिक घेतल्यास मनुष्य पुन्हा जागा होईल कीं नाहीं, हें कोणास ठाऊक नव्हतें. वेल्स ह्यांनीं दुसऱ्याचा जीव धोक्यांत न घालतां आपलीच अक्कलदाढ पुढें केली. दुसऱ्या दिवशीं कोल्टन ह्यांनीं वायूची पिशवी त्यांच्या तोंडास लाविली आणि त्यांची मान कलतांच त्यांचे सोबती डॉक्टर रिग्ज ह्यांनीं दाढ उपटली. कांहीं क्षणांनीं वेल्स शुद्धीवर आले. टांचणी टोंचल्याइतकेंहि दुःख झालें नाहीं, असें त्यांनीं आनंदानें सांगितलें.

पुढें अनेक रोग्यांवर हा उपाय सफळ झाल्यावर जानेवारी १८४५ मध्यें ते बॉस्टनास गेले व वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनीं एकाचा दांत काढून दाखविला. परंतु वायूची पिशवी वेळेआधींच दूर झाली. रोगी ओरडला. सभेनें वेल्स ह्यांस लबाड ठरवून हंसून घालविलें. आपणांस फारसें दुखलें नाहीं, असें त्या रोग्यानें मागाहून कबूल केलें. पण तें ऐकतो कोण? उपाय खोटा नव्हता, मात्रा अपुरी होती.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याच बॉस्टन शहरीं वेल्स ह्यांचे पूर्वींचे शिष्य मॉर्टन ह्यांनीं ईथर देऊन विनावेदना शस्त्रक्रिया घडवून आणिली व श्रेय त्यांस मिळालें. वेल्स खचले. पुढें न्यूयॉर्क येथें त्यांनीं क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवरच केले. त्यानें त्यांची बुद्धि भ्रमिष्ट झाली व त्या भरांत २१ जानेवारी १८४८ रोजीं, म्हणजे आपल्या जन्मदिवशींच, त्यांनीं रस्त्यांतील स्त्रियांवर तेजाब फेंकलें. तुरुंगांत शुद्ध आल्यावर त्यांस पराकाष्ठेचा पश्चात्ताप झाला आणि २४ तारखेस त्यांनीं आपल्या हातानें जीवनाचा अंत केला. वय अवघें तेहतीस. हें दुःखद प्रकरण आम्ही झांकून ठेवीत नाहीं. कारण औषध कितीहि उपकारक असलें तरी तें स्वतःवर मन मानेल तसें योजूं नये, हा धडा त्यांत आहे. पॅरिस येथील वैद्यमंडळानें त्यांचा शोध मान्य केल्याची वार्ता अमेरिकेस पोहोंचली, तेव्हां ते ह्या जगांत नव्हते. १८६३ पासून कोल्टन ह्यांनीं तोच वायु देऊन दांत काढण्याची प्रथा पुन्हा सुरू केली, आणि १८६४ सालीं अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघानें शोधाचा मान वेल्स ह्यांस दिला.

वाचकहो, आज अक्कलदाढ काढतांना बहुधा सुईनें तेवढीच जागा बधिर करितात. सुई क्षणभर टोंचते. मग थोड्या वेळानें ओंठ जाड झाल्यासारखा वाटतो. दाढ काढतांना दाब व ओढ कळते, करकर आवाज येतो, पण तीव्र वेदना होऊं नये. झालीच तर हात वर करून सांगावें. डॉक्टर आणखी औषध देतात. कोठें कोठें प्राणवायु मिसळून वेल्स ह्यांचाच वायु नाकावाटें देतात. दाढ अवघड असली किंवा भय फार असलें तर पूर्ण गुंगीहि देतात. अशा वेळीं डॉक्टर सांगतील तितका वेळ उपाशी राहावें, घरचें माणूस बरोबर न्यावें, आणि आपले आजार व चालूं असलेलीं औषधें आधींच सांगावीं. बधिरपणा कांहीं तास टिकतो. तो उतरेपर्यंत कढत चहा पिऊं नये व गाल चावला जाणार नाहीं ह्याची काळजी घ्यावी.

बॉस्टनच्या सभेनें एका किंकाळीवरून खरा उपाय टाकून दिला. आपल्या गांवांत कोणी एकदां भूल नीट न लागल्याची गोष्ट सांगितली, तर तेवढ्यावरून आपण अर्ध्या वाटेवरून परत फिरूं नये.