वामन शिवराम आपटे : धातू, उपसर्ग आणि प्रयोग

वामन शिवराम आपटे यांना अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले. १८५८ मध्ये सावंतवाडी संस्थानात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला, कोल्हापुरात शिकला आणि डेक्कन महाविद्यालयातून एम. ए. झाला. पुढे न्यू इंग्लिश स्कूल, आणि १८८५ मध्ये निघालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्यपद.

या धावपळीतच त्यांचे कोश सिद्ध झाले : १८८४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत आणि १८९० मध्ये मोठा संस्कृत-इंग्रजी. दुसऱ्यात धातूच्या नोंदीतच त्याची उपसर्गयुक्त रूपे दिली आहेत. 'हृ' म्हणजे नेणे, हे एकदा समजले की अपहरण, आहरण हे शब्द परके राहत नाहीत. इंग्रजी शब्दसंग्रह लॅटिन मूळांवरून शिकवणाऱ्यांची युक्तीही हीच. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट सहज उलगडतात. परंतु डिपोर्टमेंट म्हणजे आचरण, हे त्या मूळावरून कोणाला सुचेल? प्रहार आणि विहार यांचेही तसेच. उपसर्ग धातूला कोठे नेईल याचा नेम नाही. आपटे यांचे वेगळेपण येथे दिसते. ते व्युत्पत्तीवर विसंबून थांबत नाहीत. अर्थामागोमाग कालिदास, भवभूती, बाण यांच्या ग्रंथांतील प्रयोग देतात. विद्यार्थ्याला तर्क करू द्यावा, पण तो पडताळण्याचे साधनही हाती द्यावे, अशी ही रचना आहे.

९ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी संस्कृत-इंग्रजी कोशाची तीन खंडांची वाढीव आवृत्ती १९५७ ते १९५९ या काळात पुण्यात सिद्ध केली.